पात्रात कुणी एक वीटही ठेवली नाही, तरी ओढा इतका खोल कसा गेला?

मीरा_का
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज विचारूनच टाकते.

आमच्या घरामागे ओढा आहे. अठरा वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हा एका ढांगेत ओलांडता यायचा, पाणी घोट्याएवढं, तळाचे गोटे स्वच्छ दिसायचे. काठावर एक उंबर आहे, त्याची मुळं तेव्हा पाण्याला टेकलेली असायची आणि माझी मुलगी त्यांच्यावर बसून पाय पाण्यात सोडायची. परवा खाली उतरले. तीच मुळं आता माझ्या डोक्याच्या वर लोंबतायत. हात पूर्ण वर केला तेव्हा कुठे बोटं लागली. समोरचा काठ उभा कापल्यासारखा झालाय आणि दर पावसाळ्यात त्याचा एखादा लचका खाली बसतो.

आता गंमत अशी की ओढ्यात कुणी काहीच केलेलं नाही. दोन्ही बाजूंची पट्टी मोकळी आहे, भराव नाही, वाळू उपसलेली नाही, वळण बदललेलं नाही. वरच्या टेकडीवर मात्र गेल्या पंधरा वर्षांत मोठी वसाहत झाली, पण ती चांगली दोन किलोमीटर लांब आहे. आता काठ ढासळतोय म्हणून दोन्ही बाजूंना भिंती आणि तळाला काँक्रीट घालायचा प्रस्ताव आलाय आणि आमच्याकडून संमतीच्या सह्या हव्यात. सही करू का? आणि मुळात हे झालं कशामुळे?

शशी७२
अतिक्रमण असणार हो वर कुठेतरी. कुणीतरी पात्र आवळलं असेल. जुना नकाशा काढून बघा.

मीरा_का
तोच संशय होता म्हणून नकाशा काढला, आणि वरच्या रस्त्याखालच्या मोरीपर्यंत चालतही गेले. पात्र आहे तिथेच आहे, उलट रुंदच झालंय.

गोटीदगड
मीराताई, तुमचा उंबर म्हणजे उत्तम मोजपट्टी आहे, त्याला जपा.

शशीभाऊ, अतिक्रमण हे एक कारण असतं पण ते नसतानाही ओढा बिघडतो, कारण ओढ्याचं माप ओढ्यात ठरत नाही, त्याच्या पाणलोटात ठरतं. साधा हिशोब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर जमिनीवर ५० मिमी पाऊस पडला की ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर. ती जमीन झाडोऱ्याची आणि भुसभुशीत असेल तर यातलं पुष्कळसं पाणी पानांवर अडतं, मातीत मुरतं आणि पाझरून पुढचे कित्येक आठवडे ओढ्याला थोडं थोडं मिळत राहतं. तिथे छपरं, रस्ते, पार्किंग आलं की जवळजवळ सगळेच पाच लाख लिटर पावसाळी गटारातून पाईपमध्ये आणि पाईपमधून थेट ओढ्यात, तेही एका तासाच्या आत. टेकडी दोन किलोमीटर लांब असली तरी पाईपने ती तुमच्या घराला आणून चिकटवलीये.

दुसरी गोष्ट गाळाची, आणि ती लोक हमखास विसरतात. गॉर्डन वोलमन नावाचे अमेरिकन भूरूपशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६७ मध्ये मेरीलँड भागातल्या ओढ्यांवरून हा क्रम मांडला. आधी शेती किंवा जंगल असतं तेव्हा पाणी आणि गाळ यांचा मेळ बसलेला असतो. मग बांधकाम सुरू होतं, उघडी माती धुपून येते, गाळ कित्येक पटींनी वाढतो, ओढा भरून उथळ होतो. आणि बांधकाम संपलं, सगळं फरसबंद झालं की गाळ एकदम आटतो पण पाणी वाढलेलंच राहतं. गाळ न मिळालेलं पाणी भुकेलं असतं, ते मग स्वतःचा तळ आणि काठ खातं. तुमच्याकडे मधली काही वर्षं ओढा उथळ, गढूळ झाला होता का, आठवून बघा.

मीरा_का
अंगावर काटा आला! हो, झाला होता. चार-पाच वर्षं नुसती लाल माती यायची, गोटे दिसेनासे झाले होते, तेव्हा आम्ही म्हणायचो की ओढा बुजणार आता. मग हळूहळू माती गेली, गोटे परत दिसले, आम्हाला वाटलं सुधारला. आणि तिथून पुढे हे खोल जाणं सुरू झालं.

नीलकंठ_७
वाचनखूण साठवली आहे. मस्त धागा.

जुना_अभियंता
मी आयुष्यभर पावसाळी गटारंच आखली, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. गोटीदगड, तुमचं शास्त्र बरोबर आहे पण त्या वसाहतीतल्या लोकांच्या घरात गुडघाभर पाणी शिरतं तेव्हा ते आमच्याकडे येतात. आम्हाला शिकवलंच असं की पाणी लवकरात लवकर बाहेर काढायचं. सूत्र सोपं आहे, क्षेत्रफळ गुणिले पावसाची तीव्रता गुणिले रनऑफचा, म्हणजे न मुरता वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक. आयर्लंडच्या मुलव्हॅनींनी १८५१ मध्ये या पद्धतीचा पाया घातला आणि अजून जगभर वापरतात. छपराला गुणांक ०.९ च्या आसपास, रेताड सपाट जमिनीवरच्या गवताला ०.१ च्या आसपास. म्हणजे गवताच्या जागी छप्पर आलं की त्याच पावसाला नऊपट पाणी, हे आम्हाला कागदावर रोज दिसायचं, आम्ही त्याप्रमाणे पाईप मोठा करायचो आणि त्याचं तोंड ओढ्यावर सोडून नकाशा गुंडाळायचो. ओढ्याचं पुढे काय होतं हा प्रश्न आमच्या कामात नव्हताच. मीराताई, तुम्ही लिहिलेलं वाचल्यावर त्या सगळ्या पाईपांची तोंडं डोळ्यांपुढे आली.

पण एक सांगतो, भिंतीला सरसकट नाही म्हणू नका. काठावर घर असेल आणि तो ढासळत असेल तर आधी माणसं.

पानकावळा
काका, तुम्ही हे असं मोकळेपणाने लिहिलंत ते फार आवडलं.

मला पाण्यातल्या जिवांबद्दल लिहायचंय. ओढा खोल जाण्याआधीच त्याच्यातले जीव जायला लागतात. अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये असं दिसत आलंय की पाणलोटाचा साधारण दहावा हिस्सा फरसबंद झाला की संवेदनशील किडे आणि मासे कमी झालेले लक्षात येतात. दहावा हिस्सा म्हणजे डोळ्यांना तो परिसर हिरवाच दिसत असतो! कारणं पुष्कळ आहेत. दर छोट्या पावसाला लोंढा येतो आणि दगडाखालचा किडा वाहून जातो, तापलेल्या डांबरावरून आलेलं पाणी ओढा एकदम गरम करतं, डोह गाळाने भरतात, खाली सावली उरत नाही.

आणि टायर! अमेरिकेत सिएटलच्या आसपास कोहो साल्मन मासे अंडी घालायला ओढ्यात परत यायचे आणि पाऊस पडला की काही तासांत तडफडून मरायचे. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. शेवटी २०२० मध्ये शोध लागला, टायर टिकावं म्हणून रबरात घालतात त्या रसायनाची हवेतल्या ओझोनशी क्रिया होऊन तयार होणारा एक पदार्थ त्यांना मारत होता. कुणी विष ओतलं नाही, कारखाना नाही, नुसती गाड्यांची ये-जा आणि पाऊस. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती.

चतुरछंदी
पानकावळा +१. मी चतुर आणि टाचण्या या पाण्याकाठच्या उडत्या किड्यांचे फोटो काढते. काँक्रीट केलेल्या ओढ्यावर काठाचं गवत गेलं की अंडी घालायला जागा नाही, पिल्लांना दगडाखालची सांद नाही. चतुर दिसतो कधीकधी, पण तो दुसरीकडून उडत आलेला असतो.

अवांतरकर
थोडं अवांतर. शब्दांकडे लक्ष गेलंय का कुणाचं? जुन्या नकाशावर 'ओढा' असतो, विकास आराखड्यात तो 'नाला' होतो आणि तक्रारअर्जात 'गटार'. एकच पाणी, तिसऱ्या नावाला पोचलं की त्यावर झाकण घालायला कुणाची हरकत राहत नाही.

टाकसाळे
अवांतरकर, माझ्या आजोबांनी 'ओहोळ' असाही शब्द वापरलेला आठवतोय. म्हणजे चौथं नाव आधीच गेलं.

सायली_निम
झाकणावरून आठवलं. लंडनची फ्लीट नदी अठराव्या शतकापासून टप्प्याटप्प्याने झाकली, मग ती सांडपाण्याच्या जाळ्यात गेली. पण आजही तिथे एका रस्त्यावर लोखंडी जाळीला कान लावला की खालून पाणी वाहताना ऐकू येतं. गाड्यांचा आवाज थांबला पाहिजे फक्त. नदीवरून रस्ता गेला, इमारती गेल्या, अडीचशे वर्षं गेली आणि ती अजून तिच्या उताराने चाललीच आहे. मला हे कुठेतरी खूप आतपर्यंत लागतं.

शशी७२
माझा मुद्दा मागे घेतो, अतिक्रमणापलीकडे एवढं असेल असं वाटलं नव्हतं. पण प्रश्न असा, की छोटे पूर वाढतात की मोठे? महापूर तर पूर्वीही यायचेच ना?

गोटीदगड
नेमका प्रश्न. वाढतात दोन्ही, पण सारखे नाही. इंग्लंडच्या हॉलिस यांनी १९७५ मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की पाणलोटाचा ३० टक्के भाग फरसबंद झाला तर शंभर वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर दुप्पट होऊ शकतो, पण वारंवार येणारे छोटे पूर दहापटीपर्यंतही जातात. कारण महापुराच्या वेळी जमीन तशीही तुडुंब भिजलेली असते, जंगल असलं तरी पाणी वाहणारच. फरक पडतो तो साध्या पावसाला. ज्या सरीला पूर्वी ओढा हलायचाही नाही त्या सरीला आता तो काठोकाठ येतो, आणि असं वर्षातून कितीतरी वेळा. काठ कोरण्याचं बरंचसं काम हे नेहमीचे लोंढेच करतात. बातमी मात्र महापुराची होते, त्यामुळे एवढी वर्षं चाललेलं कोरणं कुणाच्या नजरेत येत नाही.

नीलकंठ_७
मग काँक्रीट घातलं तर कोरणं थांबेल ना? मीराताईंचा मूळ प्रश्न तोच आहे.

गोटीदगड
तेवढ्या तुकड्यात थांबेल. पण गुळगुळीत तळावरून पाणी अजून वेगाने पळतं आणि काँक्रीट जिथे संपतं तिथे खड्डा पाडतं. मीराताईंचा त्रास खालच्या वस्तीला जातो, मग ते भिंत मागतात, मग त्यांच्या खालचे. लॉस एंजेलिसमध्ये १९३८ च्या पुरानंतर नदी अशीच काँक्रीटमध्ये बांधली, आज सुमारे ८२ किलोमीटरच्या नदीचा बहुतेक भाग तसा आहे. पूर आटोक्यात आला हे खरं, आणि नदी म्हणून फार थोडं उरलं हेही खरं.

सायली_निम
पण उलटंही करता येतं! सोलमध्ये चंग्येचन ओढ्यावरचा उड्डाणपूल पाडून २००५ मध्ये साडेपाच किलोमीटरहून जास्त ओढा उघडा केला.

पानकावळा
सायली, मलाही तो आवडतो, पण त्यात वाहणारं पाणी बहुतांशी हान नदीतून पंपाने आणलेलं आहे, दिवसाला सुमारे १ लाख २० हजार टन. पाणलोट अजून फरसबंदच आहे ना, कोरड्या दिवसात ओढ्याला देणार कोण? शहराला त्याने सावली दिली, गारवा दिला, मासे आले, हे मोठंच आहे. पण ओढा बरा झाला असं मी म्हणणार नाही. मला सिंगापूरचं कल्लांग नदीचं काम जास्त पटतं. बिशान पार्कमध्ये २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा फोडून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्ये खुली झाली. लांबी वाढली म्हणजे उतार कमी झाला, आणि पूर आला की बागेतच पसरायला जागा. काठ धरायला दगड, झाडांच्या फांद्यांच्या मोळ्या आणि मुळं वापरली.

मृण्मयी_जो
जर्मनीतली एम्शर नदी राहिली. कोळसा खाणींमुळे तिथली जमीन खचायची, जमिनीखाली सांडपाण्याची वाहिनी टिकणार नाही म्हणून शंभरेक वर्षं नदीच उघडी सांडपाण्याची वाहिनी करून ठेवली होती. खाणी सरकल्या, खचणं थांबलं, मग १९९२ पासून काम धरलं, ५१ किलोमीटरची भूमिगत वाहिनी टाकली आणि २०२१ च्या अखेरीला नदी सांडपाण्यापासून मोकळी झाली. तीस वर्षं! पण एका पिढीने सुरू केलं आणि पुढच्या पिढीने सोडून दिलं नाही, याचं मला अप्रूप वाटतं.

जुना_अभियंता
सगळं वाचतोय. एक अनुभव सांगतो. मधे आम्ही वसाहतीच्या तोंडाशी साठवण तळी करायला लागलो, पुराचा कळस खाली यावा म्हणून. कळस खाली आला. पण काही वर्षांनी ओढ्यावर गेलो तर काठ आणखी कोरलेले. तेव्हा कळलं नव्हतं, नंतर लक्षात आलं की तळं मोठ्या पुरासाठी आखलेलं होतं, छोटे पाऊस त्यातून जसेच्या तसे जात होते आणि मोठ्या पावसाचं पाणी आम्ही तासन्‌तास सोडत होतो, तेही काठ कोरता येईल इतक्या जोराने. कळस कमी, कोरण्याचे तास जास्त. म्हणून आता मी म्हणतो की तळं करा पण त्याचं तोंड छोट्या पावसासाठीही आखा, आणि शक्य तेवढं पाणी तळ्यापर्यंत येऊच देऊ नका, छपराखालीच मुरवा.

शशी७२
छपराखाली मुरवून कितीसा फरक पडणार काका? चीनने एवढी स्पंज शहरं केली, म्हणजे पाऊस जागच्या जागी मुरवणारी, झेंगझोऊ त्यातलंच ना, आणि २० जुलै २०२१ ला बुडालं.

जुना_अभियंता
त्या दिवशी तिथे एका तासात २०१.९ मिमी पाऊस झाला. त्याला कुठलाही स्पंज पुरणार नाही, त्यासाठी पूररेषेच्या आत घरं नकोत आणि वेळेवर इशारा हवा, तो विषय वेगळा. ओढा वाचवायचा तो नेहमीच्या पावसापासून, आणि त्या पावसाला मुरवणं पुरतं. दोन प्रश्न एकात मिसळले की दोन्हींची उत्तरं चुकतात.

गोटीदगड
काकांना शंभर टक्के अनुमोदन. मेलबर्नजवळ लिटल स्ट्रिंगीबार्क नावाच्या ओढ्यावर संशोधकांनी हेच करून बघितलं, ओढ्याला हात न लावता पाणलोटातल्या घरोघरी टाक्या आणि झिरपबागा केल्या.

मीराताई, एक काम कराल का? पाऊस सुरू असताना (सुरक्षित जागेवरून!) घड्याळ लावून बघा ओढा किती वेळात चढतो. आणि मोरीच्या वर आणि खाली पात्र कसं आहे तेही बघा.

मीरा_का
उशीर झाला उत्तर द्यायला, पावसाची वाट बघत होते. काल मुलगी पण आली होती, दोघी पुलावर छत्र्या घेऊन उभ्या राहिलो.

पाऊस सुरू झाल्यापासून बाराव्या मिनिटाला ओढा चढायला लागला. आधी फेस आणि प्लास्टिक, मग तांबूस पाणी, आणि विसाव्या मिनिटाला उंबराखालचा मोठा गोटा दिसेनासा झाला. पाऊस पाऊणेक तासात थांबला आणि संध्याकाळी बघितलं तर पाणी पुन्हा घोट्याखाली. जसा काही नळ सोडला आणि बंद केला.

आज सकाळी मोरीशी गेलो. मोरीच्या वरच्या बाजूला ओढा अजून उथळ आहे! रुंद झालाय पण तळ जुना, गोटे, गवत, सगळं तसंच. आणि खालच्या बाजूला मोरीच्या काँक्रीटच्या कडेवरून पाणी धबधब्यासारखं खाली पडतं, माझ्या कमरेएवढं. तिथे एक गोल खड्डा झालाय आणि छोटे मासे त्यात फिरत होते, एकसारखे त्या पडणाऱ्या पाण्याशी जाऊन परत येत होते. मुलगी म्हणाली, आई ते वर जायला बघतायत. मोरीच्या जरा खाली डाव्या काठात दोन मोठे पाईप आहेत, त्यांची तोंडंही आता तळापासून अधांतरी.

गोटीदगड
म्हणजे कोरणं खालून वर वर सरकत आलं आणि मोरीच्या काँक्रीटला अडलं. ती मोरी तुमच्या वरच्या ओढ्याला धरून बसलीये. ही पायरी फार महत्त्वाची आहे, फोटो काढून ठेवा.

जुना_अभियंता
मीराताई, हे आजच्या आज लेखी कळवा. पाणी मोरीच्या खालून खणतंय, तिचा पाया उघडा पडत असणार, रस्ता खचू शकतो. भिंतीपेक्षा हे तातडीचं. त्या पायरीवर एक उंच बंधारा घालू नका, मोठे दगड रचून लांब, सावकाश उतार करा, म्हणजे पाया वाचेल आणि मासेही चढतील. पाईपांच्या तोंडाशी दगडांची शेज. तुमच्याकडे पट्टी मोकळी आहे हे भाग्य समजा, उभा काठ मागे घेऊन तासा, खालच्या अंगाला दगड, वर गवत आणि मुळं धरणारी झाडं. काठ तासताना उंबराला वळसा घाला. आणि टेकडीवरच्या वसाहतीशी बोलणं सुरू करा, त्यांच्या छपरांचे पन्हळ गटारातून काढून बागेत वळवणं हे काही अवघड काम नाही. आराखडा काढायला मी मदत करतो, मोजमापं तेवढी पाठवा.

चतुरछंदी
मासे वर जायला बघतायत हे वाचून डोळे भरून आले.

मीरा_का
काका, मोजमापं उद्या घेते. काँक्रीटच्या कागदावर सही केलेली नाही, मोरीचं लेखी देऊन पोच घेतली. वरच्या वसाहतीतल्या एका बाईंशी बोलले, त्या म्हणाल्या आमच्या गच्चीचं पाणी कुठे जातं हे आम्हाला माहीतच नव्हतं. रविवारी त्या ओढा बघायला येणार आहेत. आणि उंबराच्या सगळ्यात खालच्या मुळाला लेकीने पांढऱ्या रंगाची खूण केलीये, तिथून तळापर्यंत आज सहा फूट दोन इंच.